डोंगरी टप्प्यावर पैज लावण्याआधी काय बघायचं? माँ व्हाँतू 2025 आणि पुढचं आल्प द्युएझ

घाटमाथा (धागाकर्ती)

2026 च्या टूर द फ्रान्सचा मार्ग जाहीर झाल्यापासून मला व्यनितून (खासगी निरोपातून) एकच प्रश्न येतोय. आल्प द्युएझ या डोंगरावर लागोपाठ दोन दिवस टप्पा संपणार आहे, तर दोन्ही दिवशी डोळे मिटून 2025 च्या विजेत्या पोगाचारवर पैसे लावायचे का? वेगळा धागाच काढते, म्हणजे सगळ्यांना भर घालता येईल.

आधी एक स्पष्ट करते. मी लीड्समध्ये राहते. इथे अठरा वर्षांवरच्या माणसाला परवानाधारक बुकीकडे सायकल शर्यतीवर पैज लावता येते. भारतात ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले आहेत. तेव्हा तिकडच्या मंडळींनी हा धागा शर्यत कशी वाचायची एवढ्यासाठीच वाचावा. कुठली साइट, पैसे कसे पाठवायचे, हे इथे विचारू नका. मी उत्तर देणार नाही.

आता मुद्दा. घाटाच्या टप्प्याचा अंदाज बांधताना बहुतेक जण 'सगळ्यात चांगला चढणारा कोण' इथून सुरुवात करतात. हे उत्तर जगजाहीर असतं. ते बुकीलाही ठाऊक असतं आणि भावात आधीच धरलेलं असतं. मी पहिला प्रश्न वेगळा विचारते: सकाळी मुख्य घोळक्यातून जी छोटी टोळी पुढे सुटेल तिचा पाठलाग कोण करणार, आणि त्यात त्याचं काय भलं आहे? याचं उत्तर मिळालं की अर्धा टप्पा वाचून झाला.

उदाहरण म्हणून 22 जुलै 2025 चा सोळावा टप्पा घ्या. माँपेलिए ते माँ व्हाँतू, 171.5 किलोमीटर. आदला दिवस विश्रांतीचा. बेदुआँ गावापर्यंत रस्ता जवळपास सपाट, आणि मग एकच एक चढ: 15.7 किलोमीटर, सरासरी 8.8 टक्के, माथा 1910 मीटरवर. नकाशा बघून कोणीही म्हणेल की हा टप्पा पोगाचारचाच. तोवर त्याने त्या टूरमध्ये चार टप्पे जिंकले होते, पिवळी जर्सी (एकूण वेळेत सगळ्यात पुढे असलेल्याची) त्याच्या अंगावर होती, आणि लांब चढावर त्याला एकट्याने मागे टाकेल असा कोणी दिसत नव्हता.

पण आकड्यांचा क्रम बघा. ओताकाम डोंगरावरच्या बाराव्या टप्प्याआधी त्याचा मुख्य प्रतिस्पर्धी विंगेगो पोगाचारच्या 1 मिनिट 17 सेकंद मागे होता. ओताकामवर अंतर 3:31 झालं. दुसऱ्या दिवशी पेराग्यूदच्या चढावर टाइम ट्रायल (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध) झाली, 4:07. त्यानंतर सुपरबान्येर, 4:13. आधी दोन मिनिटांहून मोठी उडी, मग 36 सेकंद, मग फक्त 6. पोगाचार काही दमला नव्हता. पिवळ्या जर्सीचं काम झालं होतं, आणि त्याचा संघ, यूएई, तेवढ्यापुरताच जोर लावत होता. सुपरबान्येरला तर टोळीतला आरेन्समन जिंकलाच होता आणि पोगाचारने मागे राहून फक्त विंगेगोवर नजर ठेवली होती. शिवाय यूएईचा डोंगरातला सगळ्यात भरवशाचा साथीदार आल्मेदा पडल्यामुळे नवव्या टप्प्यावरच घरी गेला होता. अशा संघाने दीडशे किलोमीटर सपाटीवर घोळक्याच्या पुढे राहून वारा का अंगावर घ्यावा? टप्पा जिंकायचा असेल तर टोळीला दोन-तीन मिनिटांच्या आत बांधून ठेवावं लागतं, आणि त्यासाठी माणसं जाळावी लागतात.

राहिला विंगेगोचा संघ व्हिस्मा. विंगेगोला वेळ भरून काढायचा होता, म्हणजे पाठलाग तेच करतील असं वाटेल. पण त्यांची रीत माहीत असलेल्याला कळतं की त्यांना आपले एक-दोन गडी टोळीत पुढे पाठवायचे असतात, म्हणजे वर चढताना ते कॅप्टनसाठी थांबून त्याला ओढू शकतात. त्या दिवशी कांपेनार्त्स आणि बेनूट पुढे होतेच. आपलीच माणसं पुढे असताना कोणी मागून पाठलाग करत नाही. दोन्ही मोठ्या संघांना टोळी सुटलेली चालणार होती.

मग पुढचा प्रश्न: त्या टोळीतला कोण? इथे मी आधी ज्यांचा कॅप्टन शर्यत सोडून गेलाय ते संघ शोधते. चौदाव्या टप्प्यावर, तूर्मालेच्या चढावर, रेम्को एवेनपूलने शर्यत सोडली. आदल्या दिवसापर्यंत त्याच्या संघाचे, सुदाल क्विक-स्टेपचे, चढणारे त्याच्या दिमतीला होते. ते एका दुपारीत मोकळे झाले. त्यांच्यात व्हालाँताँ पारे-पँत्र होता, अंगाने हडकुळा, लांब चढाचा पक्का, आणि 2024 च्या जिरोमध्ये (इटलीतली मोठी शर्यत) डोंगरावरचा टप्पा टोळीतूनच जिंकलेला. दुसरं नाव बेन हीलीचं. त्याने सहावा टप्पा जिंकला होता, पिवळी जर्सीही घातली होती, त्यामुळे तो काही लपलेला नव्हता.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, पण शेवटचा किलोमीटर पुन्हा बघाच. जंगलातून एकट्याने पुढे निघालेल्या एन्रिक मासला हीली आणि पारे-पँत्रने गाठून मागे टाकलं. मग दोघं एकमेकांवर हल्ले करत राहिले आणि कोणीच सुटेना. तेवढ्यात मागून बुइत्रागो आला, आणि पारे-पँत्रचा साथीदार व्हान विल्डरही आला. तो मगाशीच मागे पडला होता. आल्या आल्या तो श्वास घ्यायलाही न थांबता थेट पुढे झाला आणि साथीदारासाठी ओढायला लागला. शेवटच्या वळणाआधी हीलीने झेप घेतली, वळण त्यानेच पहिलं घेतलं, आणि रेषेच्या तोंडाशी पारे-पँत्र त्याच्या बाजूने निघून गेला. दोघांची वेळ एकच लागली. बुइत्रागो 4 सेकंद मागे. पोगाचार पाचवा, 43 सेकंद मागे. विंगेगो 45.

एका संघाचे दोन गडी टोळीत होते, म्हणून तो टप्पा त्या संघाला मिळाला. हेही मी आदल्या रात्री बघते: कुठल्या संघाकडे दोन चढणारे मोकळे आहेत.

निळी_चाकं

घाटमाथाताई, लेख आवडला. पण निकाल लागल्यावर कारणं सापडतातच. 2013 ला त्याच डोंगरावर पिवळ्या जर्सीतला फ्रूम जिंकला की. तेव्हा कोणी टोळीवर पैसे लावले असते तर बुडाले असते. आणि 2025 लाच ओताकामवर पोगाचारने सगळ्यांना मागे टाकलं. मग टोळी कधी धरायची आणि मोठं नाव कधी, हे आधी कसं कळणार?

घाटमाथा

प्रश्न रास्त आहे, आणि 2013 हे त्याला सगळ्यात चांगलं उदाहरण. तो टप्पा 242.5 किलोमीटरचा होता, त्या टूरमधला सगळ्यात लांब, आणि 14 जुलै, म्हणजे फ्रेंचांचा राष्ट्रीय दिवस. तरीही टोळी टिकली नाही, कारण मागे काम करायला कारण असलेला संघ होता. दोनच दिवस आधी वाऱ्यात मोव्हीस्टार संघाच्या व्हालव्हेर्देचे जवळपास दहा मिनिटं गेले होते. एकूण क्रमवारीतला त्यांचा डाव मोडला होता आणि हातात उरला होता किंताना, तेव्हा अगदी तरुण आणि चढावर भन्नाट. त्याला टप्पा मिळवून द्यायचा तर टोळी पकडणं भाग होतं. त्यांनी पाठलागाला माणसं लावली आणि त्याचा फायदा फ्रूमला झाला. किंताना 29 सेकंदांनी दुसरा आला. फ्रूमची आघाडीही तेव्हा अडीच मिनिटांच्या आतच होती, म्हणजे त्यालाही वेळ हवाच होता.

ओताकामचंही तसंच. ती 2025 ची पहिली मोठी डोंगरमाथ्यावरची अखेर. पिवळी जर्सी हीलीकडे, पोगाचार 29 सेकंद मागे, विंगेगो आणखी 1:17 मागे. आदल्याच दिवशी तूलूझजवळ पोगाचार पडला होता आणि बाकीचे त्याच्यासाठी थांबले होते. सगळा हिशोब व्हायचा बाकी होता. अशा दिवशी यूएई टोळीला मोकळीक देणार नाही हे उघड होतं.

व्हाँतूचा 2000 पासूनचा इतिहास बघा. 2000 ला पंतानी, आर्मस्ट्राँगच्या बरोबरीने, म्हणजे मोठ्या नावांतलाच. 2002 ला व्हिराँक, टोळीतून. 2009 ला गाराते, टोळीतून. 2013 ला फ्रूम. 2016 ला डी गेन्ट, टोळीतून. 2021 ला व्हाँतू दोनदा चढून मालोसेनला उतरायचं होतं, व्हान आर्ट जिंकला, तोही टोळीतून. 2025 ला पारे-पँत्र. सातात पाच वेळा टोळी. डोंगराला मोठी नावं आवडत नाहीत असा याचा अर्थ नाही. व्हाँतू निम्मी शर्यत झाल्यावर येतो आणि तोवर आघाडीवाल्याला टप्प्याची गरज उरलेली नसते, एवढंच. 2009 ला तर तो शेवटून दुसऱ्या दिवशी होता.

गणिती

मला सायकलिंगपेक्षा आकड्यांत रस आहे, त्यामुळे तेवढंच लिहितो. घाटमाथा यांचा तर्क मान्य आहे, पण त्यावरून थेट टोळीतल्या कोणावर तरी पैसे लावायला गेलात तर गोची होईल.

दशांशातल्या भावाने (जिंकल्यावर लावलेल्या रकमेच्या किती पट परत) 100 ला भागायचं. 2.00 म्हणजे 50 टक्के शक्यता, 4.00 म्हणजे 25, 41.00 म्हणजे जेमतेम 2.4. समजा तुमच्या मते टोळी जिंकायची शक्यता 60 टक्के आहे. उरले 40. त्यातले पोगाचारला 30 दिले तरी त्याचा रास्त भाव 3.33 होतो. बुकी 2.00 देत असेल तर तिथे हात घालायचा नाही, इथपर्यंत ठीक.

आता ते 60 टक्के टोळीतल्या नावांत वाटून बघा. 2025 च्या टूरला 184 जण निघाले होते. विश्रांतीच्या दिवशी रात्री तुम्हाला माहीत नसतं की टोळीत कोण जाणार. नीट विचार करून आठ खरे दावेदार काढलेत तर प्रत्येकाला साडेसात टक्के येतात, म्हणजे भाव निदान 13.33 हवा. आणि बुकीचा स्वतःचा नफ्याचा वाटा सगळ्यात जास्त शेपटीकडच्या नावांत असतो. सगळ्या नावांच्या शक्यता मिळवून बघा, 100 च्या खूप वर जातात, आणि ती वरची रक्कम प्रामुख्याने लांबच्या नावांवर बसवलेली असते. खऱ्या अर्थी 80 असायला हवा तो भाव 41 दिसतो आणि आपल्याला तो मोठा वाटतो.

म्हणजे पहिलं नाव स्वस्त नाही, आणि शेवटची दीडशे नावंही स्वस्त नाहीत. मधल्या पाच-सात नावांतच काय ते असेल तर असेल.

घाटमाथा

गणिती, अगदी नेमकं मांडलंत. म्हणूनच मी टोळीवर सरसकट लावत नाही. नावं गाळत जाते. ज्यांना एकूण क्रमवारीत पहिल्या दहात वाचवण्यासारखं काही आहे ते बहुतेक गळतात, कारण त्यांना सोडलं जात नाही. हीली अपवाद होता, आघाडीवाल्यांना त्याची धास्ती उरली नव्हती. मग जे नुसते टोळीत जाणारे आहेत पण सोळा किलोमीटरचा चढ झेपत नाही ते गळतात. मग ज्यांचा कॅप्टन अजून पोडियमच्या (पहिल्या तिघांत येण्याच्या) आशेत आहे त्यांचे मदतनीस गळतात. उरतात ते मोजके.

दुसरा मार्ग म्हणजे थांबणं. टोळी सुटली, नावं पडद्यावर आली, अंतर वाढत चाललं, तेव्हा बघायचं. भाव तोवर उतरलेला असतो हे खरं, पण 184 तले दीडशे प्रश्न मिटलेले असतात. शर्यत चालू असताना मात्र एक ध्यानात ठेवा: टीव्हीवरचं चित्र मागून येतं, आणि रस्त्यावर काय झालं हे बुकीला तुमच्याआधी कळलेलं असू शकतं.

इथल्या ईच-वे पैजेबद्दलही सांगायला हवं. पैसे दोन भागांत जातात, अर्धे विजेत्यावर, अर्धे पहिल्या तिघांत येण्यावर, आणि त्या दुसऱ्या अर्ध्याला भावाचा चौथा किंवा पाचवा हिस्सा मिळतो. 40 ला 1 असलेल्या नावाला चौथ्या हिश्शाने 10 ला 1. डोंगरावरच्या टोळीत दुसरा-तिसरा आलेला माणूस बहुधा खरा चढणाराच असतो, म्हणून अशा टप्प्यावर मला ती पैज बरी वाटते. सपाटीवरच्या घोळक्याच्या स्प्रिंटमध्ये अजिबात नाही.

गेन्टवासी

मी बेल्जियममध्ये असतो, इथे वारा न बघता कोणी शर्यतीबद्दल बोलत नाही. घाटमाथाताईंनी वाऱ्याचा उल्लेख फार कमी केला म्हणून लिहितोय.

व्हाँतूवर मिस्ट्राल हा जोरदार वारा उत्तर आणि वायव्येकडून येतो. 2016 ला तो इतका होता की टप्प्याची अखेर माथ्यावरून सहा किलोमीटर खाली, शाले रेनारला आणली. गर्दी खाली दाटली, मोटारसायकल अडकली, आणि फ्रूम सायकल सोडून पिवळ्या जर्सीत धावत सुटला, ते दृश्य सगळ्यांना आठवत असेल. त्या दिवशी ज्याने आदल्या रात्री हवामान बघितलं नव्हतं त्याचा सगळा अंदाज वेगळ्याच डोंगरासाठी होता.

चढाचा नकाशाही नीट वाचा. 8.8 टक्के ही सरासरी सँत-एस्तेवच्या वळणापासून पुढच्या 15.7 किलोमीटरची आहे, बेदुआँपासूनची नाही. बेदुआँपासून सँत-एस्तेवच्या वळणापर्यंतचे पाच-साडेपाच किलोमीटर सोपे आहेत, तिथे मोठ्या घोळक्यात मागे बसलेल्याला फार त्रास नाही. खरं काम त्या वळणानंतर जंगलात. तिथे रस्ता नऊ-दहा टक्क्यांच्या खाली जवळपास येतच नाही, झाडीमुळे वारा लागत नाही, उकाडा कोंडतो. आणि वेग इतका कमी होतो की दुसऱ्याच्या मागे बसून फार फायदा नाही. ज्याचे पाय आहेत तोच पुढे जातो. शाले रेनारनंतर झाडं संपतात, नुसते पांढरे दगड. तिथे समोरून वारा असेल तर एकटा पुढे गेलेला माणूस मरतो आणि मागचे दोघं-तिघं मिळून त्याला धरतात. पाठीवर वारा असेल तर उलट.

म्हणून मी आदल्या संध्याकाळी माथ्यावरच्या वाऱ्याची दिशा आणि वेग दोन्ही बघतो, गावातल्या नाही. बेदुआँचं हवामान आणि माथ्याचं हवामान ही दोन वेगळी हवामानं आहेत.

आणि सपाटीवर आडवा वारा असेल तर टोळीबिळी सोडा. घोळक्याचे तुकडे होतात आणि पहिल्या पन्नास किलोमीटरमध्येच मोठी नावं एकमेकांना तोडायला बघतात. मग टोळीला जागाच मिळत नाही.

घाटमाथा

गेन्टवासी, मनापासून आभार. जंगलातल्या वेगाचा मुद्दा फार महत्त्वाचा. त्याच कारणाने मी अशा चढावर संघाच्या ताकदीला शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये कमी किंमत देते आणि आधीच्या दीडशेमध्ये जास्त.

आजोळ

धागा वाचला, चर्चा अभ्यासू आहे, पण मला हा विषय बोचतो. माझा मावसभाऊ बर्मिंगहॅमला असतो. फुटबॉलपासून सुरुवात झाली, मग रात्री-बेरात्री कुठल्याही देशातला कुठलाही सामना. घराचे हप्ते थकले तेव्हा आम्हाला कळलं. तोही सुरुवातीला असाच बोलायचा, अभ्यास करून लावतो, नुसता जुगार नाही. नवीन लोक हे वाचून तिकडे वळतील याची मला भीती वाटते.

घाटमाथा

आजोळ, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, आणि तुमच्या भावाबद्दल फार वाईट वाटलं. मला यावर गोलमाल बोलायचं नाही. अभ्यासाने नुकसान कमी होतं, पण बुकीचा वाटा तसाच राहतो. दीर्घकाळ बहुतेक लोक हरतातच. मी टूरच्या आधी जेवढी रक्कम बाजूला काढते तेवढीच तीन आठवडे पुरवते, सिनेमाच्या तिकिटाचे पैसे परत मिळावेत अशी अपेक्षा जशी कोणी धरत नाही तशी. संपली की उरलेले टप्पे नुसते बघते. 2025 ला तर निम्म्याहून जास्त टप्प्यांवर मी काहीच लावलं नाही, कारण माझ्या मते भाव बरोबरच होते.

ब्रिटनमध्ये असणाऱ्यांसाठी: गॅमस्टॉपवर एकदा नाव नोंदवलं की इथल्या सगळ्या परवानाधारक ऑनलाइन कंपन्यांची दारं ठरलेल्या मुदतीसाठी बंद होतात. क्रेडिट कार्डाने पैज लावायला एप्रिल 2020 पासून बंदी आहे. हरलेले पैसे भरून काढायला पुढचा टप्पा शोधायला लागलात, की तिथेच थांबून नाव नोंदवा. कोणाला घरच्या माणसाबद्दल बोलायचं असेल तर मला व्यनि करा, मी वेळ काढेन.

बोरघाट

मी पुण्याचा, पैजेशी संबंध नाही, पण वाचताना मुंबई-पुणे सायकल शर्यत आठवत होती. तिथे शर्यतीचा विजेता वेगळा आणि बोरघाट सगळ्यात आधी चढणारा 'घाटाचा राजा' वेगळा, असं बऱ्याचदा व्हायचं. लहानपणी आम्ही खंडाळ्याला उभे राहून बघायचो आणि आम्हाला वाटायचं जो घाटात पहिला तोच जिंकणार. वडील म्हणायचे, त्याच्या मागे कोण बसलाय ते बघ.

जानेवारी 2026 ला पुण्यात यूसीआयच्या (जागतिक सायकलिंग संघटनेच्या) 2.2 दर्जाची, म्हणजे अनेक दिवसांची पण खालच्या पातळीची शर्यत ठरली. तिथेही हाच 'पाठलाग कोण करणार' वाला नियम चालेल का? मला फक्त रस्त्याच्या कडेला उभं राहून जास्त कळावं एवढीच इच्छा आहे.

घाटमाथा

बोरघाट, तुमच्या वडिलांनी एका वाक्यात सांगितलं ते मी पानभर लिहिलं.

2.2 दर्जाच्या शर्यतीत नियम तोच, पण जास्त अनागोंदी. वर्ल्डटूरचे, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीचे संघ नसतात. मुख्यतः खालच्या पातळीचे कॉन्टिनेन्टल संघ आणि देशांचे राष्ट्रीय संघ असतात. पोगाचारच्या संघासारखा तासन्‌तास घोळका ताब्यात ठेवणारा कोणी नसतो, त्यामुळे टोळ्यांना जास्त वाव. त्याच वेळी चार-पाच दिवसांच्या शर्यतीत सेकंदांना फार किंमत असते, म्हणून पहिल्या टप्प्यानंतर कोणाकडे आघाडी आहे आणि त्याच्या संघात सिंहगडाच्या बाजूचे चढ झेपणारे किती आहेत ते बघा. कडेला उभे राहाल तेव्हा पुढच्या माणसाकडे बघू नका, त्याला सगळेच बघतात. घोळक्याच्या तोंडाशी कुठल्या रंगाची जर्सी आहे आणि किती जण आहेत ते मोजा. एकाच रंगाचे तीन-चार जण रांगेत असतील तर टोळीचे दिवस भरले. वेगवेगळ्या रंगांचे लोक एकमेकांकडे बघत असतील तर टोळी जाते.

निळी_चाकं

मग आता आल्प द्युएझवर या. 19 आणि 20, दोन्ही टप्पे. तुमचा अंदाज सांगा.

घाटमाथा

सांगते, पण जुलैच्या आधी कोणाचं नाव घेणार नाही. कोण आजारी, कोण पडलेला, कोण निघणारच नाही, हे माहीत नसताना लावलेल्या पैजेत बुकी आणखी पुढे असतो.

19 वा टप्पा, शुक्रवारी, गाप ते आल्प द्युएझ, 128 किलोमीटर, शेवट त्या प्रसिद्ध 21 वळणांच्या 13.8 किलोमीटरच्या चढावर. टप्पा आखूड आहे. आखूड टप्पा संघाला ताब्यात ठेवायला सोपा, कारण माणसं कमी जाळावी लागतात. 2011 चा आल्प द्युएझचा टप्पा 109.5 किलोमीटरचा होता आणि त्यात पहिल्या डोंगरापासूनच मोठी नावं भिडली. शेवटी रोलाँ जिंकला, पण तो नुसता टोळीवाला नव्हता, त्या मोठ्या लढाईत टिकून राहिला होता. त्यानंतर 2013 ला रिब्लाँ, 2015 ला पिनो, 2022 ला पिडकॉक, तिघंही टोळीतून. 2018 ला पिवळ्या जर्सीतला थॉमस. म्हणजे हा डोंगरही व्हाँतूसारखाच वागत आलाय.

20 वा टप्पा, शनिवारी, बूर-द्वाझाँहून निघून क्रोआ द फेर, तेलेग्राफ, गालिबिए हे घाट आणि मग सारेनच्या बाजूने आल्प द्युएझ. 171 किलोमीटर आणि एकूण चढाई 5600 मीटर. इथे 21 वळणं नाहीत, मागच्या रस्त्याने वर यायचंय. या टप्प्यावर टोळी जिंकली तरी ती ऐऱ्यागैऱ्यांची नसेल. गालिबिएवर 2642 मीटरला पोहोचेपर्यंत ज्याला चढ झेपत नाही तो गळालेला असेल. त्यामुळे इथे मोठ्या भावाची नावं मी आधीच बाजूला ठेवते.

दोन्ही टप्प्यांचं उत्तर माझ्या मते 16 व्या टप्प्यात आहे, एव्हियाँ ते तोनोंच्या टाइम ट्रायलमध्ये. ती संपल्यावर पहिल्या आणि दुसऱ्यातलं अंतर बघा. दोन मिनिटांच्या आत असेल तर शुक्रवारी पाठलाग होणार, आखूड टप्पा मोठ्या नावांचा, आणि शनिवारी सगळ्यांचे पाय गेलेले असल्यामुळे टोळीला संधी. चार मिनिटांच्या वर असेल तर दोन्ही दिवशी टोळी. मधलं काही असेल तर शुक्रवारी मी हात लावणार नाही.

गणिती

आणि पोडियमच्या जागेची मारामारी? पहिला ठरलेला असला तरी तिसऱ्या जागेसाठी कोणी पाठलाग करू शकतो.

घाटमाथा

करू शकतो, आणि ते भावात बऱ्याचदा धरलेलं नसतं. तिसरा आणि चौथा यांच्यात अर्ध्या मिनिटाहून कमी असेल तर चौथ्याचा संघ गालिबिएच्या पायथ्यापासून ओढेल. पण त्यांचं लक्ष्य समोरचा माणूस असतो, टोळी नाही. टोळीत त्यांना नको असलेला कोणी नसेल तर सात मिनिटं पुढे असली तरी ते पकडायला जाणार नाहीत. म्हणून शुक्रवारी रात्री निकालाच्या पहिल्या पानाऐवजी मी एकूण क्रमवारीत सहाव्या ते पंधराव्या नंबरचे लोक बघते: कोण पहिल्या दहासाठी धडपडतोय, कोणाला आता काहीच मिळवायचं उरलं नाही, आणि त्यातल्या कोणाच्या संघात आणखी एक चढणारा ताजा आहे. माझी शनिवारची यादी तिथून निघेल. शुक्रवारी संध्याकाळी ती इथेच टाकेन.